उसना आजार

"किती वर्षं ओढताय?"

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली होती आणि प्रश्न माझ्याकडं न बघताच विचारला होता.

"चाळीस तरी झाली असतील," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. खिशातल्या पाकिटाचा वास माझ्या आधी टेबलापलीकडं पोचला होता.

"दिवसाला किती?"

"बायको घरी असली तर कमी. माहेरी गेली तर हिशेब नाही."

बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडं अशा मायेनं पाहिलं, की मलाच माझी दया यायला लागली.

"हे बघा काका, घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरू? पेशंट हे आहेत."

शेजारच्या खुर्चीत माझे दाजी ताठ बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि छातीवर व्यसनमुक्ती मंडळाचा बिल्ला: जळती विडी आणि तिच्यावर लाल फुली. नेमकं त्या बिल्ल्याच्या मागंच, फुप्फुसाच्या कडेला, लिंबाएवढी सावली होती.

"मॅडम, मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही," दाजी म्हणाले. "ह्यांना विचारा. माझा स्वभाव ह्यांना ठाऊक आहे."

ठाऊक नसायला काय झालं? हिंदुराव खराडे, निवृत्त मुख्याध्यापक, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विट्यात आमची दोन घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर. त्यांनी होळीला पुठ्ठ्याची पुरुषभर विडी जाळायची प्रथा पाडली. शाळेच्या दारातली गुलाब तांबोळ्याची पानपट्टी त्यांनी मोर्चा काढून ओढ्यापलीकडं घालवली आणि त्या दिवसापासून तांबोळ्याच्या फळीसमोरून जाताना मान उलटीकडं वळवली. दर एकतीस मेला शाळेच्या मैदानावर ते अख्ख्या गावाला हात वर करायला लावून शपथ देत. मी तेवढा हात खिशात ठेवून उभा असे, कारण खिशात पाकीट असे.

दाजींना दिवाळीपासून खोकला होता. गावच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकीत जंतू काही सापडले नाहीत; डॉक्टर म्हणाला, कधी कधी सापडत नाहीत. त्या गोळ्यांनी लघवी केशरी झाली, तेव्हा दाजींनी औषध लागू पडल्याचं जाहीर केलं. क्षयाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. क्षय कुणालाही होतो, सज्जनांना तर जास्तच होतो, असं त्यांचं मत होतं. पण दोन महिन्यांत सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा आक्कानं मला बोलावून घेतलं. "सदा, ह्यास्नी मिरजेला ने. गावातली डॉक्टरकी बास झाली."

मी न्यायला गेलो तेव्हा सकाळ होती. दाजी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून दात घासत होते. हा कार्यक्रम अर्धा तास चाले. तर्जनी तोंडात, डोळे अर्धवट मिटलेले, आणि बोलायचं झालं तर फक्त हुंकार. आक्का चुलीवर तव्यात काहीतरी भाजत होती. त्या धुरानं मला उंबऱ्यातच ठसका लागला. दाजींनी सावकाश चूळ भरली, काळं पाणी मोरीत सोडलं आणि म्हणाले, "बघा पाव्हणं. उंबऱ्यात पाय ठेवला की खोकला. काय करून घेतलंय छातीचं!"

मी गप्प बसलो. नातं मेहुण्याचं होतं.

तर मिरजेच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर मगदूम बाईंनी दाजींना सांगितलं, की ही सावली क्षयाची दिसत नाही. सुई घालून तुकडा काढावा लागेल. गाठ कॅन्सरची असू शकते.

त्यावर दाजींनी जे विचारलं, ते बाईंनी आजवर कुणा पेशंटकडून ऐकलं नसावं.

"फुप्फुसाचा? म्हणजे लोक म्हणणार मी चोरून ओढत होतो."

"मास्तर, आधी निदान तर होऊ द्या. आणि हा कॅन्सर एक नसतो. बरेच प्रकार असतात."

प्रकार म्हटल्यावर दाजी सावरून बसले. सगळी हयात त्यांनी सातवीला सपुष्प आणि अपुष्प वनस्पती शिकवल्या होत्या. ज्याला वर्ग आणि पोटवर्ग आहेत, त्याला ते भीत नसत.

"सांगा," ते म्हणाले.

बाई भल्या होत्या. बाहेर रांग होती, तरी त्यांनी सांगितलं. मुख्य घराणी दोन. एक लहान पेशींचं. ते फार झपाट्यानं पसरतं आणि जवळजवळ नेहमी ओढणाऱ्यांनाच गाठतं. दुसरं घराणं मोठं, दहातले आठ-नऊ रुग्ण त्यातले. त्याच्यात पुन्हा पोटभेद. एक खवल्यांसारख्या चपट्या पेशींचा, बहुतेक मोठ्या श्वासनळ्यांच्या जवळ होणारा. तोही बव्हंशी ओढणाऱ्यांचा. दुसरा ग्रंथींच्या पेशींचा, फुप्फुसाच्या कडेला वाढणारा. हा ओढणाऱ्यांना होतो, पण ज्यांनी आयुष्यात विडी धरली नाही त्यांना झाला तर बहुधा हाच होतो. आणखी एकदोन किरकोळ. नुसत्या फोटोवरून कुठला ते ठरत नाही. तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. आणि औषध ठरतं ते त्यावरच.

"म्हणजे निर्व्यसनी माणसाचा तो ग्रंथींचा," दाजी म्हणाले. "माझी सावली कडेलाच आहे ना? मग तोच लिहा."

"मास्तर, ते आपण निवडायचं नसतं."

"तुकडा कधी काढताय?"

सुई घातली त्या दिवशी दाजींनी हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर समोरच्या टपरीवर चहा घेतला. दाजींनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून दोन घराणी काढली, त्यांना फांद्या काढल्या, आणि कडेच्या एका फांदीवर बोट टेकवून म्हणाले, "हा निघाला तर मी औषध घेईन. दुसरा कुठलाही निघाला तर नाही."

"म्हणजे?"

"घरी जाईन. क्षयाच्या गोळ्या चालू ठेवीन आणि क्षयानं जाईन. तीस वर्षं ज्या गावाला शपथ दिली, त्या गावात विडीबाजाचा आजार घेऊन मी फिरणार नाही."

"दाजी, जीव मोठा का अब्रू?"

"जीव पेन्शनीवर आहे," दाजी म्हणाले. "अब्रू अजून नोकरीत आहे."

मी सिगारेट काढली. दाजी काही बोलले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदाच बोलले नाहीत, त्यामुळं मला ती पेटवता येईना.

"पाव्हणं, एक करा," ते खाली बघत म्हणाले. "रिपोर्ट येईपर्यंत मिरजेला खेपा होणार. लोक विचारणार. आपण सांगू, आजार तुमचा आहे."

"माझा?"

"मी तुमच्या सोबतीला येतोय. तुम्हाला शोभतो तो. कुणी संशय घेणार नाही. निर्व्यसनी माणसाचा निघाला, की मी परत घेईन."

जावई माणसाला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. लग्नात त्यांनी घड्याळ मागितलं, वडिलांनी दिलं. आता आजार द्या म्हणाले असते तर अडचण होती. घ्या म्हणत होते. मी घेतला.

गावात बातमी आमच्या एस.टी.च्या आधी पोचली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओट्यावर माणसं यायला लागली. ज्यांनी मला कधी चहा विचारला नव्हता, ते शहाळी घेऊन आले. एकजण म्हणाला, "चेहऱ्यावर दिसतंय हो." मी आरशात पाहिलं तर खरंच दिसत होतं. बायकोला खरं सांगितलं होतं, तरी ती अधूनमधून डोळ्याला पदर लावायची. विचारलं तर म्हणे, "सवय करून ठेवते."

मंडळाच्या सभेत दाजींनी माझ्यावर भाषण केलं. मी समोर बसलो होतो. "हे माझे सख्खे मेहुणे," ते म्हणाले, "तीस वर्षं मी ह्यांना सांगत होतो..." आणि त्यांना अशी उबळ आली, की पुढचं वाक्य बोलता येईना. लोकांना वाटलं, गुरुजींना गहिवरून आलं. खजिनदार जगदाळे तर रडले.

खरी अडचण तिसऱ्याच ठिकाणी झाली. मी तांबोळ्याच्या दुकानावर गेलो, नेहमीसारखी नाणी फळीवर ठेवली. तांबोळ्यानं ती बोटानं माझ्याकडं परत सरकवली.

"न्हाई मिळणार, मालक."

"का? माल संपला?"

"माल हाय. तुमास्नी न्हाई." त्यानं ओल्या फडक्यानं पानं पुसायला घेतली. "मी काय कसाई हाय व्हय? घरी जावा. वैनींना तुमची गरज हाय."

"अरे गुलाब, माझ्या जवळच्या माणसासारखा तू..."

"म्हणून तर."

मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथंही तेच. स्टँडवरच्या टपरीवाल्यानं तर मला हाकलून वर लेमनच्या गोळ्या दिल्या. खानापूरपर्यंत जाऊन एक पाकीट आणलं, पण ओट्यावर पेटवलं तसा रस्त्यानं जाणारा एक अनोळखी इसम सायकलवरून उतरला आणि माझ्या तोंडातली काढून पायाखाली चिरडून गेला. दाजींनी तीस वर्षं उपदेश केला त्यानं जे झालं नव्हतं, ते गावानं पंधरवड्यात करून दाखवलं. रात्री झोप येत नव्हती आणि दिवसा सगळ्यांचा राग येत होता. लोक म्हणाले, आजार बळावला.

रिपोर्टाच्या दिवशी आक्काही आली. डबा घेऊन आली होती, कारण हॉस्पिटलच्या कँटीनवर तिचा विश्वास नव्हता. मगदूम बाईंनी कागद समोर ठेवले. दाजी टोपी सारखी करून उभेच राहिले, निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"बसा मास्तर. कॅन्सर आहे. ग्रंथींच्या पेशींचा प्रकार आहे."

"कडेचा?" दाजींचा आवाज चिरकला. "निर्व्यसनी माणसाचा?"

"त्यांच्यात जास्त दिसणारा, हो. छातीबाहेरही थोडा पसरलाय, त्यामुळं ऑपरेशनचा उपयोग नाही. पण त्या तुकड्याची आणखी एक तपासणी केली, त्यात एका जनुकात बदल सापडलाय. त्या बदलावर नेमकी चालणारी गोळी आहे. रोज एक. मुळातून जाणार नाही, पण काही वर्षं दाबून धरता येतो."

ह्यातलं पहिलं वाक्य सोडून दाजींनी काही ऐकलं असेल असं वाटत नाही. कॅन्सर झाला म्हणून पेढे वाटायचं मनात आलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला. त्यांनी माझा हात धरून हलवला. "पाव्हणं, सुटलो! माझा मला परत द्या." मग बाईंकडं वळले. "मॅडम, एवढं एका कागदावर लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी. सदर इसमानं तंबाखूला कधी स्पर्श केला नाही, आणि हा आजार त्याच प्रकारचा आहे."

"प्रकारावरून कुणाचं चारित्र्य सांगता येत नाही, मास्तर. पण तुमच्या फायलीत ती नोंद करायचीच असते. करून टाकू." बाईंनी पेन उघडलं. "विडी, सिगारेट?"

"नाही."

"चुना-तंबाखू? गुटखा?"

"शिव शिव!"

"तपकीर?"

"नाही."

"मिश्री?"

दाजींनी नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली आणि ती मध्येच थांबली. डब्याचं झाकण लावणाऱ्या आक्काचा हातही थांबला.

"मिश्रीचं काय?" दाजी म्हणाले. "ते दात घासायचं."

"रोज?"

"म्हणजे... सकाळी. आणि जेवण झाल्यावर थोडी. झोपताना. तोंड स्वच्छ लागतं मला."

"मास्तर, मिश्री कशाची करतात?"

दाजींनी आक्काकडं पाहिलं. विज्ञानाचा तास घेणारा माणूस असा फळ्यापुढं अडलेला मी पहिल्यांदा बघत होतो.

"कशाची म्हंजे?" आक्का म्हणाली. "तंबाखूची. तव्यावर काळी हुस्तवर भाजायची, मग वाटायची. लग्न झाल्यापास्नं भाजतीया. डोळ्याचं पानी खळत न्हाई त्या धुरानं."

"आणता कुठून?" बाईंनी सहज विचारलं.

"तांबोळ्याकडनं. दुसऱ्याची नीट भाजत न्हाई."

दाजी बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीत बसले.

आता खरं सांगायचं, तर त्यांची थट्टा करायचा अधिकार गावात कुणालाच नव्हता. मिश्री तंबाखूची असते हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं, आणि मिश्री म्हणजे तंबाखू हे कुणाच्याच डोक्यात नसतं. मंडळाची सभा सकाळी सातला भरे आणि सगळे सभासद मिश्री लावूनच येत. जगदाळे खजिनदारांचं बोट तर पावतीवर काळा ठसा उमटवी. शपथेत विडी होती, सिगारेट होती, गुटखा होता. मिश्री घालायचं कुणाला सुचलं नाही, जसं मीठ घालायचं सुचलं नाही.

"मिश्रीमुळंच झालंय असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "ती तोंडाला जास्त घातक. फुप्फुसाचं कारण कित्येकदा सापडतच नाही. पण 'कधीच नाही' असं मला लिहिता येणार नाही. गोळी उद्यापासून सुरू करायची?"

"गोळी नको," दाजी म्हणाले. "क्षयच बरा होता."

आक्कानं डबा खाली ठेवला. पन्नास वर्षांत ती त्यांच्यापुढं चारचौघांत बोललेली मी ऐकली नव्हती.

"मी तुमच्या अब्रूशी लगीन लावलं न्हाई," ती म्हणाली. "गावाला काय सांगायचं ते सांगा, क्षय सांगा न्हाईतर पटकी सांगा. गोळी मी घालणार, तुमी गिळणार. आन आजपास्नं तवा भाकरीचा." मग बाईंना म्हणाली, "लिवा बाई, मिश्री व्हती. आता न्हाई."

येताना एस.टी.त दाजी खिडकीशी बसले होते. तासगाव गेलं तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, तो तांबोळी तीस वर्षं बोलला नाही हो."

"गिऱ्हाइकाच्या घरातलं बोलायचं नाही म्हणतो."

दाजींनी छातीवरचा बिल्ला काढला, थोडा वेळ हातात फिरवला, आणि पुन्हा लावला.

एकतीस मे तीन दिवसांवर होती. मैदान दरवर्षीसारखं भरलं. दाजी माइकपुढं गेले आणि गळ्यातला हार काढून म्हणाले, "आज मला एक सांगायचं आहे. माझे मेहुणे ठणठणीत आहेत. आजार त्यांना नाही, मला आहे."

टाळ्या. अशा टाळ्या, की मंडप हलला. मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, धन्य आहे तुमची!" अध्यक्षस्थानी आलेले सभापती उठून त्यांच्या पाया पडले. "मेहुण्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस आज पाहिला," ते गहिवरून म्हणाले. दाजी हात वर करून "नाही, नाही, खरंच माझा आहे" म्हणत होते, आणि प्रत्येक नाहीला टाळ्या वाढत होत्या. मी उठून सांगायला गेलो तर दोघांनी मला खांद्याला धरून हळूच खाली बसवलं. दम लागेल म्हणाले.

शेवटी दाजींनी नाद सोडला आणि शपथ सुरू केली. हात वर झाले.

"मी विडी ओढणार नाही."

मैदान घुमलं.

"मी सिगारेट ओढणार नाही. मी गुटखा खाणार नाही."

घुमलं. लोकांनी सवयीनं हात खाली घ्यायला सुरुवात केली, कारण शपथ इथं संपे.

"मी मिश्री लावणार नाही."

कर्ण्यातून फक्त दाजींचाच आवाज आला आणि शाळेच्या भिंतीवरून परत आला. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावला. जगदाळ्यांनी उजवा हात डाव्या बगलेत दडवला. सभापती घड्याळ बघायला लागले.

दाजींनी दुसऱ्यांदा म्हटलं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मैदानाच्या कडेनं, कुंपणाबाहेरून, एक आवाज आला, "मी मिश्री लावणार न्हाई." सगळं मैदान मागं वळलं. गुलाब तांबोळी सायकलला टेकून एक हात वर करून उभा होता. त्याला काहीच अडचण नव्हती. त्यानं जन्मात तंबाखूला तोंड लावलं नव्हतं. धंद्याचा माल धंदेवाल्यानं खायचा नसतो, असं त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं.

त्यानंतर मंडळाचे सभासद गळाले. अध्यक्ष दाजी, खजिनदार तांबोळी आणि मी, एवढेच उरलो. सभेला कुणी जागा देईना, म्हणून सभा ओढ्यापलीकडं, पानपट्टीच्या बाकड्यावर भरे. दाजी रोज गोळी घेत आणि ब्रशनं दात घासत. ब्रश ते खडूसारखा धरत. त्या गोळीवर त्यांनी चार-पाच वर्षं चांगली काढली. "पाव्हणं," ते एकदा म्हणाले, "माझ्या सगळ्या कार्यात एक माणूस सुटला. तुम्ही. आणि तोही थापेनं." तांबोळी पान लावता लावता खालच्या मानेनं हसला होता.

दाजी गेले त्याच्या तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. जगदाळे बोलायला उठले. काळं बोट उंचावून त्यांनी मंडळाचा इतिहास सांगितला, विडीची होळी सांगितली, मोर्चा सांगितला.

"आणि शेवटी," ते म्हणाले, "मेहुण्याच्या आजाराची काळजी करकरून गुरुजी गेले. आजारी माणूस मागं राहिला."

सगळ्या सभेनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. आजार अजून माझ्याच नावावर होता, आणि आता परत घेणारा कुणी उरला नव्हता.